चार आण्यांचे हरीण आणि बारा आण्यांचा मसाला

हौसेला मोल नसते, असे आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो. मोल नसेल, पण खर्च असतोच, आणि तो कोणाला ना कोणाला भरावा लागतो. गाण्याची हौस असली तर शेजाऱ्याची झोप खर्ची पडते, लग्नातल्या थाटाची हौस असली तर वधुपित्याची जमीन. हरणाच्या शिकारीची हौस ही या साऱ्या हौसांची आजीबाई म्हणावी इतकी जुनी. हिचा खर्च आजवर कोणी कोणी भरला, तो कसकसा वाढत गेला आणि आज हा सौदा कोणाला परवडतो काय, याचा हिशेब मांडून पाहावा असे बरेच दिवस मनात होते. दिवाळी हा वहीपूजनाचा सण. व्यापारी जुनी खाती मिटवून नव्या वहीवर स्वस्तिक काढतात. त्या निमित्ताने आपणही हे एक जुने खाते उघडू.

मराठी शिकविणाऱ्या माणसाला बंदुकीच्या गोष्टी कशाला हव्यात, असे वाचकांना खचित वाटेल. प्रस्तुत लेखकाने आयुष्यात पिचकारीपलीकडे कोणतेही हत्यार चालविलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु मी राहतो तो हिंगण्याचा परिसर मोठा मौजेचा आहे. नागपूरपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, वेणा नदीच्या काठी हे तालुक्याचे गाव. एका बाजूला औद्योगिक वसाहतीचे भोंगे, तर दुसऱ्या बाजूला कवडस-कान्होलीबाऱ्याकडे गेले की टेकड्या, सागाची झाडी आणि पुढे बोरचे अरण्य. त्या बाजूच्या खेड्यांतून येणारी मुले सकाळच्या तासाला पेंगतात. रात्री सिनेमाला गेला होता काय, असे विचारावे तर उत्तर येते, 'नाही सर, जागलीला होतो.' वर्गात 'मृगनयना' या शब्दाचा समास सोडवताना ज्या मुलाचे डोळे मिटतात, त्याची झोप त्याच मृगाने घेतलेली असते! तेव्हा हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नसला तरी वर्गात आहेच.

शब्दांच्या पोटातला हिशेब

आधी शब्दांचीच झडती घेऊ. 'मृग' म्हणजे मूळचा कोणताही रानटी पशू. म्हणूनच सिंह हा मृगेंद्र आणि माकड हा शाखामृग. पुढे हा शब्द हरणापुरता आकसला. 'मृगया' मात्र कोणत्याही शिकारीला म्हणत राहिले. फारसीतून 'शिकार' आली आणि तिने मृगयेला पोथीत बसविले. आपला अस्सल मराठी शब्द 'पारध'. त्याची व्युत्पत्ती संस्कृत 'पापर्द्धि' या शब्दाशी लावतात. पापाची ऋद्धी, म्हणजे वाढ! भाषेने पहिल्याच पानावर हा व्यवहार नावे टाकून ठेवला आहे, जमेला नाही.

हरीण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच प्राणी येतो. प्राणिशास्त्रज्ञ मात्र दोन घराणी मानतात. चितळ, सांबर, भेकर यांची शिंगे फांद्यांची असून ती झडतात आणि पुन्हा उगवतात, हे सारंग. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि आमच्याकडचा रोही, म्हणजेच नीलगाय, यांची शिंगे पोकळ असून जन्मभर टिकतात; हे कुरंग. शिकाऱ्याला मात्र हा भेद कधी अडला नाही. दोघांचीही शिंगे दिवाणखान्याच्या भिंतीवर सारखीच शोभत.

आता पुराणे उघडा. हरणाची शिकार कोणालाही स्वस्तात पडलेली दिसत नाही. सीतेला सोन्याच्या हरणाचे कातडे हवेसे वाटले. त्याची किंमत लंकेपर्यंत जाऊन चुकवावी लागली. पांडूने हरणाच्या रूपातल्या ऋषीवर बाण टाकला आणि त्याच्या शापाने त्याचे गृहस्थजीवन संपले. परीक्षित हरणामागे धावता धावता शमीक ऋषींच्या आश्रमात शिरला, रागाच्या भरात त्यांच्या गळ्यात मेलेला साप टाकून बसला आणि सात दिवसांत तक्षकाच्या दंशाला पात्र झाला. आणि प्रत्यक्ष श्रीकृष्णाचा अंत? तळपाय पाहून जरा नावाच्या व्याधाला हरीण वाटले, एवढेच. पुराणकारांनी राजांना मृगयेची मोकळीक दिली खरी, पण कथेचा हिशेब मात्र चोख ठेवला.

विदर्भाच्या मातीत मराठी गद्याचा पाया घातला गेला त्या 'लीळाचरित्रा'तही एक शिकार आहे. तिथे हरीण नाही, ससा आहे. पारध्यांच्या कुत्र्यांना चुकवून तो श्रीचक्रधरांच्या आसनाखाली शिरतो. मागोमाग शिकारी येतात आणि तो परत मागतात. हा ससा साधा नव्हता, पैजेचा होता. तो हातचा गेला तर आपसांत सुऱ्या निघायच्या. स्वामी शरण आलेल्याला सोडत नाहीत आणि शेवटी शिकारीच मुकाट्याने जातात. या प्रसंगात मला नेहमी मौज वाटते ती पैजेची. सशाचे मांस मूठभर. भांडण होते ते मानाचे. शिकारीच्या खात्यातली ही मानाची रकम फार जुनी आहे, आणि ती वजा केली तर बाकी फारसे उरत नाही, हे पुढे दिसेलच.

संस्थानी थाट

'सशाच्या शिकारीला जावे तर वाघाची तयारी करून जावे' अशी म्हण आहे. राजेरजवाड्यांनी ती मनावर घेतली आणि हरणाच्या शिकारीसाठी चक्क चित्ते पाळले. चित्त्याला डोळ्यांवर टोपी घालून बैलगाडीतून कळपाजवळ न्यायचे. बैलगाडीला हरणे बुजत नाहीत. मग टोपी काढायची. दोन-चारशे पावलांच्या धावेत काळवीट सापडले तर सापडले. नाही तर चित्ता दम खात बसतो आणि राजेसाहेब चहा मागवतात. आपल्या पित्याच्या, म्हणजे अकबराच्या पदरी एक हजार चित्ते जमले होते, असे जहांगीर नमूद करतो. हाच जहांगीर आपले लाडके पाळीव हरीण मेले तेव्हा त्याच्या स्मरणार्थ शेखूपुऱ्याला मनोरा बांधतो. तो हिरन मिनार आज पाकिस्तानात उभा आहे. एका हातात चित्त्याची साखळी आणि दुसऱ्या हाताने हरणाची समाधी! बादशहालाच परवडणारी ही गोष्ट.

महाराष्ट्रात हा थाट कोल्हापूर संस्थानाने राखला होता. पण या खेळात एक अडचण होती. पाळलेला चित्ता पिंजऱ्यात सहसा पिले देत नाही. प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. शतकानुशतके धरधरून रान रिकामे झाले. मग विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी थेट आफ्रिकेहून चित्ते आणवले. म्हणजे कोल्हापूरच्या माळावरचे काळवीट मारायला समुद्रापलीकडून शिकारी आणायचा, त्याला माणसे ठेवायची आणि हरीण मिळेपर्यंत त्याला रोज मटण घालायचे. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हा!

चित्त्याच्या खात्याचा शेवट ठाऊक आहेच. १९४७ साली कोरिया संस्थानच्या राजाने तीन चित्ते मारले; ते आपल्याकडचे अखेरचे मानले जातात. १९५२ साली चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सत्तर वर्षांनी, १७ सप्टेंबर २०२२ रोजी, नामिबियाहून खास विमानाने आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातल्या कुनोच्या अरण्यात सोडण्यात आले. त्यांना भक्ष्य कमी पडू नये म्हणून दुसऱ्या अरण्यांतून चितळेही तिकडे नेण्यात आली. जुने कर्ज फेडायला नवे कर्ज काढतात, त्यातलाच हा प्रकार.

इंग्रजांनी संस्थानी थाट कमी केला आणि त्या जागी कागद आणला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने बंदुकीला परवाना लागला. त्याच सालच्या जंगल कायद्याने राखीव जंगले झाली. १९१२ च्या कायद्याने काही जनावरांना विणीच्या हंगामात अभय देता येऊ लागले. आमच्या मध्य प्रांतात जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत. परवाना काढायचा, फी भरायची, ब्लॉक ठरावीक दिवसांपुरता आपल्या नावे करून घ्यायचा. कोणते जनावर किती मारायचे तेही कागदावर. कॅप्टन फोरसिथचे १८७१ चे आणि डनबार ब्रँडरचे १९२३ चे पुस्तक वाचले म्हणजे सातपुड्यातल्या त्या काळाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. साहेबाच्या नावावर शिंगे लागत. पण हाका घालायला रानात उतरत ती गोंड-कोरकूंची पोरे. एखादे जखमी सांबर किंवा बिथरलेले डुक्कर अंगावर आले तर ते त्यांच्याच अंगावर. त्यांची मजुरी आण्यांत मोजली जाई. शिकारकथांच्या पुस्तकांत त्यांची नावे क्वचितच येतात.

ज्यांनी सर्वांत जास्त भरले

शिकार अगदी स्वस्तात करणारी माणसे एकच, फासेपारधी. त्यांना बंदूक नको, परवाना नको, तंबू नको. तातीचे फास एका दोरीला ओळीने बांधून माळावर अंथरायचे, चरत्या बैलाच्या आडोशाने कळपाच्या मागे जायचे आणि हरणांना न बुजवता, चरत चरतच फासांकडे वळवायचे. कधी माणसाळलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला रानातल्या नराशी झुंजायला सोडायचे. दोघे गुंतले की काम झाले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर जो ग्रंथ काढला, त्यात या कसबाची हकीकत आहे. बैलाच्या चालीची, वाऱ्याच्या दिशेची आणि हरणाच्या मनाची अशी जाण एखाद्या विद्यापीठात शिकवता आली असती तर तिला पदवी मिळाली असती.

पण घडले उलटेच. १८७१ च्या कायद्याने ज्या अनेक जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांच्या यादीत पारधीही गेले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का कागदावरून पुसला गेला, लोकांच्या नजरेतून नाही. आणि वीस वर्षांनी शिकारबंदीचा कायदा आला तेव्हा जे एकच कसब त्यांच्या हाती होते, तेच गुन्हा ठरले. हरणे वाचली पाहिजेत याबद्दल दुमत नाही. पण ज्याच्या हातची विद्या आपण काढून घेतली त्याच्या हाती दुसरे काय दिले, हा प्रश्न हिशेबात धरायला नको काय? राजाने हौस केली आणि साहेबाने खेळ केला. पोटासाठी शिकार केली ती पारध्याने. बिल मात्र सर्वांत मोठे त्याच्याच नावावर फाटले.

शिकार स्वस्त झाली तेव्हा

एखादी वस्तू महाग झाली की ती संपते, असा आपला समज असतो. हरणाच्या बाबतीत उलटे झाले. शिकार महाग होती तोवर माळ भरलेले होते. ती स्वस्त झाली आणि माळ ओस पडले. दुसरे महायुद्ध संपल्यावर लष्करातल्या जीपगाड्या बाजारात आल्या. पूर्वी काळवीट टिपायचे तर उन्हातान्हात मैल न् मैल पोटावर सरपटत जावे लागे. आता रात्री जीपमध्ये बसायचे, झगझगीत दिवा टाकायचा आणि डोळे दिपून उभ्या राहिलेल्या कळपावर बार काढायचे. पिकाच्या संरक्षणासाठी म्हणून बंदुकांचे परवानेही सढळ हाताने मिळू लागले. त्यातल्या काही बंदुकांनी पिके राखली, पुष्कळांनी मेजवान्या. स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत दख्खनच्या पठारावरचे काळविटांचे मोठे कळप असे एकेका रात्रीत विरळ होत गेले.

त्याच वेळी आमचे नागपूर शिकारी व्यापाराचे एक केंद्र बनले होते, हे आजच्या पिढीला सांगून खरे वाटणार नाही. 'ॲल्विन कूपर' नावाची कंपनी नागपुरातून परदेशी पाहुण्यांसाठी मध्य भारताच्या जंगलांत शिकारीच्या सफरी काढत असे. पाहुण्यांचे मन वाघावर. चितळ-सांबर म्हणजे जेवणाआधीची कोशिंबीर. डॉलर येतात म्हणून या धंद्याकडे कौतुकाने पाहिले जाई. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि या बाजाराचा कणाच मोडला.

मग आला ९ सप्टेंबर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. पुष्कळांची समजूत आहे की या कायद्याने एका दिवसात सगळी शिकार बंद झाली. तसे नाही. काळविटासारख्यांना पूर्ण अभय मिळाले. परंतु मोठ्या आणि लहान शिकारीसाठी परवाने देण्याची कलमे त्या मूळ कायद्यात होतीच. ती १९९१ च्या दुरुस्तीने गेली आणि हौसेच्या शिकारीचे दार खऱ्या अर्थाने बंद झाले.

आजचा भाव

आता रोकडा हिशेब. भरलेल्या काळविटाचे वजन सुमारे पस्तीस किलो. त्यात खाण्याजोगे मांस निम्मे, म्हणजे अठरा किलो धरू. बोकडाचे मटण सातशे-आठशे रुपये किलो धरू. त्या भावाने अठरा किलोंचे झाले फार तर साडेचौदा हजार रुपये. ही जमेची बाजू.

खर्चाच्या बाजूला बंदूक, काडतुसे, गाडी, पेट्रोल हे सोडूनच देऊ. पकडले गेल्यावर बंदूक आणि गाडी दोन्ही जप्त होतात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला कमीत कमी तीन वर्षे, जास्तीत जास्त सात वर्षे कैद आणि कमीत कमी पंचवीस हजार रुपये दंड आहे. नुसत्या दंडातच मांसाची किंमत बुडाली! रोज तीनशे रुपये मिळविणारा मजूर वर्षाला तीनशे दिवस काम करतो असे धरले, तर तीन वर्षांची कमाई झाली २,७०,०००. त्यात दंड मिळवा, २,९५,०००. त्याला अठरांनी भागा. किलोला सोळा हजारांवर भाव पडला. वकिलाची फी, कोर्टाच्या खेपा आणि गावातली अब्रू या रकमा मी धरलेल्याच नाहीत. खटला किती लांबतो हे पाहायचे असेल तर १९९८ साली जोधपूरजवळ कांकाणीला झालेले काळवीट-प्रकरण आठवा. त्यात सलमान खान या नटाला खालच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली ती २०१८ साली. पुढे अपील झालेच. वीस वर्षे एका रात्रीचा पाठलाग चालला, आणि या वेळी पळणारे हरीण नव्हते.

तेव्हा हौशी माणसाचा प्रश्न निकालात निघाला. त्याला शिकार परवडत नाही, आणि न परवडणे हेच योग्य आहे. पण खाते एवढ्यावर मिटत नाही.

वावरातले खाते

मृग नक्षत्र लागले की आमच्याकडे पेरणीची लगबग सुरू होते. आकाशातल्या त्या मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला आहे आणि मागे व्याध उभा आहे. हजारो वर्षे झाली, हरीण मरत नाही आणि व्याध हटत नाही. खाली वावरात मात्र व्याधाने बंदूक ठेवून दिली आहे आणि मृग कोवळे सोयाबीन खातो आहे. पुढे तुरीला फुले-शेंगा धरल्या की रोही येतो, हरभऱ्यावर चितळे उतरतात, रानडुक्कर तर सरीच्या सरी उकरून टाकते. संत्र्याची नवी कलमे रोह्याच्या अंगघाशीने मोडतात. कान्होलीबाऱ्याकडचे एक शेतकरी मला म्हणाले, 'सर, जितं हाये तवरिक ते माह्या वावरात चरते, अन् मेलं का सरकारचं होते.' कायद्याचे कलम यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगणे मला तरी जमणार नाही.

हिंगण्याच्या शेजारी वर्धा जिल्ह्याच्या हद्दीवर पसरलेले बोर १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. त्या वेळी क्षेत्र उणेपुरे १३८ चौरस किलोमीटर. वाघ राहायचा तर चितळ-सांबर-रोही हवेतच. ती वाढली, हे त्या जंगलाचे यश. पण चितळाला हद्दीचा नकाशा वाचता येत नाही, आणि जंगलातल्या वाळल्या गवतापेक्षा धुऱ्याच्या अलीकडचा हरभरा गोड लागतो, हे कळायला शाळेत जावे लागत नाही.

शेतकऱ्याचा खर्च मोजू. सप्टेंबरपासून डिसेंबरअखेर सुमारे एकशे वीस रात्री जागल करावी लागते. रात्रीचे तीनशे रुपयेच धरले तरी छत्तीस हजार झाले. हे पैसे तो कोणाला देत नाही, कारण मचाणावर तोच बसतो किंवा त्याचा मुलगा बसतो. म्हणून ते कोणत्याच वहीत चढत नाहीत. शिवाय जाळी, सौर कुंपण, फटाके, जुन्या साड्यांची बुजगावणी. कोरडवाहू तीन-चार एकरांचा मालक हा खर्च उत्पन्नाशी ताडून पाहतो, आणि काही जण तूरच पेरणे सोडतात. हौशी शिकाऱ्याचा सौदा तोट्याचा झाला म्हणून आपण आनंद मानला. त्या तोट्याचा एक हप्ता हा माणूस दर रात्री भरतो आहे.

'मग मारायची परवानगी आहे की!' असे कोणी म्हणेल. आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या जनावराला मारण्याची परवानगी काही मर्यादेत देता येते, अशी तरतूद कायद्यात आहे, आणि महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रोही व रानडुक्कर यांच्यापुरती त्याची पद्धतही घालून दिली. पण अर्ज केला, परवानगी मिळाली, पुढे काय? शेतकऱ्याजवळ बंदूक नाही. बंदूक घ्यायची तर परवाना हवा, आणि अर्धवट लागलेली गोळी घेऊन पळालेला रोही शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडला तर ते निस्तरायचे कोणी? मारलेल्या जनावराचे मांस खाता येत नाही. ते शासनाच्या मालकीचे. बिहारात २०१६ साली मोकामा भागात नीलगायी मारण्यासाठी बाहेरून हैदराबादचे नेमबाज बोलवावे लागले, आणि त्यावरून दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांमध्ये जाहीर खडाजंगी झाली. शेतकऱ्याच्या हाती आलेली ही परवानगी म्हणजे दात नसलेल्याला मिळालेले चणे!

ज्याला कुठलीच वाट दिसत नाही तो मग एक भयंकर स्वस्त उपाय करतो. खांबावरून आकडा टाकून कुंपणाच्या तारेत वीज सोडतो. हा बेकायदा प्रकार विदर्भात वारंवार घडतो. त्यात डुकरे मरतात, हरणे मरतात आणि अंधारात बांधावरून जाणारा शेजारीही मरतो. ब्रह्मपुरीकडून आणून २०१७ च्या जुलैमध्ये बोरच्या जंगलात सोडलेली एक वाघीण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वर्धा जिल्ह्यात अशाच तारेला लागून मेली. तारेला हरीण आणि माणूस यांतला भेद कळत नाही. सर्वांत स्वस्त शिकार सर्वांत महाग पडते, हा या साऱ्या इतिहासातला धडा जीपच्या काळात एकदा मिळाला होता. तो वीज आपल्याला पुन्हा देत आहे.

दुसऱ्यांच्या वह्या

इतर देशांनी हे खाते कसे लिहिले आहे? अमेरिकेत हरणाची शिकार आजही चालते आणि तिथल्या शिकाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो: बंदूक, परवाना, जागेचे भाडे, प्रवास यांचा मेळ घातला तर घरी आलेले मांस दुकानातल्यापेक्षा महाग पडते की काय? पुष्कळांना ते महागच पडते. पण १९३७ च्या एका कायद्याने बंदुका व काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यप्राण्यांच्या जोपासनेकडे वळवला. हौस करणारा निदान हौसेची पट्टी भरतो. जर्मनीत ज्याने शिकारीचा मक्ता घेतला, त्याच्याकडेच बहुधा रानडुकरा-हरणांनी केलेल्या पीकनुकसानीची भरपाई येते. आपल्याकडे शिकार नको आणि ती परत आणावी असेही मी म्हणत नाही. परंतु ज्याला प्राण्यांचा आनंद हवा त्याने प्राण्यांचा खर्च उचलावा, हे तत्त्व घेण्यासारखे आहे. जिप्सीत बसून वाघ-हरणे पाहायला जाणारे आपण शहरी लोक प्रवेशाचे तिकीट काढतो. ज्या हरभऱ्यावर ते चितळ वाढले त्याचे तिकीट कोणी काढायचे?

मध्य प्रदेशाने २०२५ साली शाजापूरकडे एक वेगळाच प्रयोग केला. पिके तुडवणारे काळवीट आणि नीलगायी हेलिकॉप्टरने हळूहळू हाकत जाळीच्या आवारात आणल्या आणि शेकडो जनावरे जिवंत पकडून जंगलांत नेऊन सोडली. फासेपारधी बैलाच्या आडून करीत तेच हे काम. बैलाच्या जागी हेलिकॉप्टर आले, एवढाच फरक. हाका तोच, शेवटी बंदूक मात्र नाही. खर्च मोठा आहे, पण तो सरकारी तिजोरीने केला, एकट्या शेतकऱ्याने नाही. आणि मनात येते की, हरणाची चाल ओळखणाऱ्या पारध्याच्या नातवाला अशा कामात पगारी जागा मिळाली तर त्या जुन्या खात्यातलीही थोडी बाकी फिटेल.

मग परवडते काय?

आपल्याकडे शिकारी माणसाचा निसर्गप्रेमी होण्याची एक चांगली परंपरा आहे. व्यंकटेश माडगूळकरांनी बंदूक खाली ठेवून जंगलाकडे पाहिले आणि मराठीला अरण्यवाचनाची गोडी लागली. नागपुरात दीर्घकाळ राहिलेल्या आणि १८ जून २०२५ रोजी आपल्यातून गेलेल्या मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर जंगलखात्यात राहून प्राणी-पक्ष्यांची नावे मराठीत रुजविली. या लेखकांमुळे आपण शहरातले वाचक हरणावर प्रेम करू लागलो. हे प्रेम खोटे नाही, पण ते बरेचसे उधारीवर चालले आहे.

तेव्हा बेरीज अशी होते. राजाला शिकार परवडली, कारण पैसे रयतेचे होते. साहेबाला परवडली, कारण हाकारा आण्यांत मिळत होता. जीपवाल्याला परवडली, कारण किंमत पुढच्या पिढीने द्यायची होती. परवडणे म्हणजे दर वेळी कोणी तरी दुसऱ्याने भरणे, असाच आजवरचा इतिहास आहे. शिकारबंदीने मारण्याचा खर्च मारणाऱ्यावर टाकला, हा मोठाच न्याय झाला. आता राखण्याचा खर्च राखणाऱ्या समाजावर पडला पाहिजे. पिकाचा पंचनामा पीक वावरात उभे असतानाच व्हावा. भरपाई नुकसानीइतकी आणि पुढच्या पेरणीच्या आत मिळावी. जंगलालगतच्या गावांना सामुदायिक कुंपण सरकारी खर्चाने मिळावे. या मागण्या नव्या नाहीत आणि अवघडही नाहीत. अवघड आहे ते एवढेच की, त्या मान्य करताना हरीण हे आपल्या सर्वांचे आहे, असे नुसते म्हणून भागणार नाही. त्याच्या चाऱ्याचे पैसेही आपल्या सर्वांच्या खिशातून निघतील.

वाचकहो, लक्ष्मीपूजनाच्या रात्री घरोघर पणत्या लागतात तेव्हा तुरीला नुकता फुलोरा धरू लागलेला असतो. त्या रात्री हिंगण्याच्या पलीकडे टेकड्यांच्या कडेने काही दिवे वेगळे दिसतात. ते आरासीचे नसतात, जागलीचे असतात. आपल्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर, शुभ-लाभ लिहून झाले की, देणे म्हणून त्या दिव्यांची एक ओळ लिहून ठेवायला हरकत नाही.